पेसमेकरची सिद्धता आणि जुन्नरचे कुंपण

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३च्या अखेरीस राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव मिळाले. पेसमेकर बसवण्याची शस्त्रक्रिया या योजनेच्या यादीत आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या ज्या घरांत पूर्वी ‘वयाची चक्कर’ म्हणून विषय मिटायचा, त्या घरांना पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाचा रस्ता त्यामुळे थोडा सोपा झाला. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोचेनासा होतो, नाडी तीस-पस्तीसवर येते आणि माणूस चालता चालता कोसळतो. अशा माणसाच्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली, काडेपेटीएवढी डबी बसवली जाते आणि काही दिवसांत तो नारायणगावला किंवा घोडेगावला घरी परततो. डबी पुढची आठ-दहा वर्षे त्याच्या अंगात राहते. डॉक्टरांची गाठ पडते ती सहा महिन्यांतून किंवा वर्षातून एकदा. मधल्या प्रत्येक सेकंदाला ठोका द्यायचा की थांबायचे, हे डबीतले सॉफ्टवेअर ठरवते. ते सॉफ्टवेअर बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करण्याचा प्रयत्न गेल्या दीड-दोन दशकांत झाला आणि त्याच्या मुळाशी पुण्यात जन्मलेल्या एका संशोधकाची कल्पना आहे. या इतिहासातून माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो : सिद्धता एकट्या यंत्राची कधीच नसते. यंत्राभोवतालच्या जगाबद्दल आपण जे गृहीत धरले, त्याच्यासकट ती असते. म्हणून ती गृहीतके कोण लिहितो आणि कोणाचे जगणे पाहून लिहितो, हा प्रश्न गणिताइतकाच महत्त्वाचा आहे.

सुरुवातीच्या पेसमेकरमध्ये सॉफ्टवेअर नव्हतेच. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ओके सेनिंग यांनी अभियंते रुने एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला. तो काही तासांतच बंद पडला. लार्सन यांना पुढे आयुष्यात वीसहून अधिक पेसमेकर लागले आणि ते २००१ पर्यंत जगले. पहिल्या यंत्राला हृदय ऐकू येत नव्हते. ठरलेल्या अंतराने विजेचा ठोका देणे एवढेच त्याला माहीत होते. नंतरच्या पेसमेकरना ऐकण्याची सोय मिळाली. हृदयाने स्वतः ठोका दिला तर गप्प बसायचे, नाही दिला तरच आपण द्यायचा. पुढे वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही कप्प्यांत तारा गेल्या आणि १९८० च्या दशकात डबीत मायक्रोप्रोसेसर आला. यंत्र जसजसे हृदयाशी अधिक जुळवून घेऊ लागले, तसतसे त्याचे निर्णय वाढले. वरच्या कप्प्यातला ठोका ऐकल्यावर किती मिलिसेकंद थांबायचे, खालच्या कप्प्यात ठोका दिल्यावर किती वेळ कान बंद ठेवायचे, दोन ठोक्यांत जास्तीत जास्त आणि कमीत कमी किती अंतर ठेवायचे, अशी पाच-सहा घड्याळे एकाच वेळी चालू लागली आणि एकमेकांना पुन्हा शून्यावर आणू लागली.

घड्याळांच्या अशा गुंत्यात चूक कशी दडते, हे जगाने आधी एका वेगळ्या यंत्रात पाहिले. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून मात्रेच्या कित्येक पट किरण बसले आणि काहींचा मृत्यू झाला. आधीच्या यंत्रांत धोक्याच्या वेळी वीज तोडणारी यांत्रिक कुलपे होती. ती काढून त्यांचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले होते. यंत्रातली चुंबके जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. चालवणाऱ्याने पडद्यावर चुकीचा पर्याय भरून त्या आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केला, तर पडद्यावर दुरुस्ती दिसे, पण यंत्राच्या एका भागाला ती कळतच नसे. सराव वाढून हात जलद चालू लागल्यावरच हा दोष उघड झाला, कारण नवख्या हाताला दुरुस्ती करायला आठ सेकंदांहून जास्त वेळ लागत असे. दुसरा दोष त्याहून साधा होता. तपासणी बाकी आहे की नाही हे सांगणारा आकडा एका बाइटमध्ये ठेवला होता आणि दर फेरीला तो एकने वाढत असे. दर २५६व्या फेरीला तो शून्यावर येई आणि त्याच क्षणी बटण दाबले गेले तर तपासणी टळे. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये ही हकिगत तपशीलवार मांडली. कितीही चाचण्या घेतल्या तरी नेमका तो योगायोग चाचणीत येईलच असे नाही, हा धडा तेव्हापासून सॉफ्टवेअरच्या प्रत्येक वर्गात शिकवला जातो.

पेसमेकरच्या दुनियेतही आकडे काही वेगळे सांगत नव्हते. १९९० ते २००० या काळात अमेरिकेत पेसमेकर आणि हृदयाला झटका देणारी डिफिब्रिलेटर यांच्याबद्दल ५२ सुरक्षा-सूचना निघाल्या आणि त्यांच्या कक्षेत पाच लाखांहून अधिक उपकरणे आली. त्यांतल्या दोन लाखांहून अधिक उपकरणांत दोष होता तो आतल्या प्रोग्रामचा. तार तुटते, बॅटरी उतरते, तेव्हा एका रुग्णाला त्रास होतो, फार तर एका घाण्यातल्या काही उपकरणांना. प्रोग्राममधली चूक मात्र त्या मॉडेलच्या प्रत्येक प्रतीत हुबेहूब असते. ‘सॉफ्टवेअरपेक्षा तारा जास्त बिघडतात, मग एवढा खटाटोप कशाला’ या आक्षेपाला हे एक उत्तर आहे.

प्रोग्राम सिद्ध करण्याची कल्पना तोवर जुनी झाली होती. टोनी होर यांनी १९६९ मध्ये प्रोग्रामच्या ओळींबद्दल भूमितीतल्या प्रमेयांसारखे तर्क करण्याचे नियम मांडले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एडमंड क्लार्क आणि ॲलन इमर्सन यांनी अमेरिकेत, तर जोसेफ सिफाकिस यांनी फ्रान्समध्ये दुसरी वाट शोधली. यंत्राच्या सर्व संभाव्य अवस्थांची यादी संगणकानेच करायची आणि वाईट अवस्थेपर्यंत एकही वाट जात नाही ना, हे तपासायचे. या वाटेला ‘मॉडेल चेकिंग’ म्हणतात आणि तिघांना त्याबद्दल २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण या यादीत काळाला जागा नव्हती. ‘आधी हे, मग ते’ एवढे सांगता येई, ‘दीडशे मिलिसेकंदांच्या आत’ हे सांगता येत नसे. आणि काळ अखंड वाहतो, म्हणजे अवस्था अनंत. ही कोंडी फोडली पुण्यात जन्मलेल्या राजीव अलूर यांनी. कानपूरच्या आयआयटीतून १९८७ मध्ये पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि डेव्हिड डिल यांच्यासह १९९० मध्ये त्यांनी ‘टाइम्ड ऑटोमेटा’ची मांडणी केली. यंत्राला हवी तितकी घड्याळे द्या. कोणत्या घड्याळाने कोणता पूर्णांक ओलांडला आणि कोणते घड्याळ आधी पुढच्या पूर्णांकाला पोचेल, एवढ्यावरून काळाचे अनंत क्षण मोजक्या गटांत बसवता येतात, कारण एका गटातले सगळे क्षण यंत्राच्या दृष्टीने सारखेच असतात. अनंताची तपासणी अशी मर्यादित झाली. त्यावर उभे राहिलेले ‘उप्पाल’ हे साधन १९९० च्या दशकात स्वीडनमधल्या उप्साला आणि डेन्मार्कमधल्या आलबोर्ग विद्यापीठांनी मिळून बनवले. अलूर आणि डिल यांना २०१६ मध्ये पहिला अलोन्झो चर्च पुरस्कार मिळाला तो याच कामाबद्दल.

याच काळात पुण्या-मुंबईतही या विद्येची एक शाखा वाढत होती, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. टाटांची संशोधन संस्था टीआरडीडीसी १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. काळाशी बांधलेल्या प्रणालींच्या सिद्धतेवर इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठात काम केलेले मथाई जोसेफ पुढे तिचे प्रमुख झाले. काळाशी बांधलेल्या आणि दोष सोसणाऱ्या प्रणालींच्या फॉर्मल, म्हणजे गणिती सिद्धतेच्या, तंत्रांवरची आंतरराष्ट्रीय परिषद सप्टेंबर २००० मध्ये पुण्यात भरली. सॉफ्टवेअर अभियांत्रिकी आणि फॉर्मल मेथड्स यांची परिषद सप्टेंबर २००६ मध्ये पुन्हा पुण्यातच झाली. मुंबईत टीआयएफआर आणि पवईची आयआयटी इथे या विषयावर काम चालू होते आणि भाभा अणुसंशोधन केंद्राला अणुभट्टीच्या नियंत्रणासाठी त्याची गरज होती. टीसीएसच्या पुण्यातल्या संशोधकांचे ‘व्हेरिॲब्ज’ हे साधन २०२० साली सी भाषेतले प्रोग्राम तपासणाऱ्या साधनांच्या जागतिक स्पर्धेत एका मुख्य गटात पहिले आले. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण ही त्याच पुण्याच्या विज्ञानाची शेजारीण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आणि त्यांना एका तालात फिरवणारे सॉफ्टवेअर. फरक एवढाच की अँटेनाचे नियंत्रण अडकले तर खोडदहून माणूस जाऊन ती थांबवू शकतो, उघडून पाहू शकतो. छातीतली डबी उघडून पाहता येत नाही. अणुभट्टी आणि दुर्बिणी यांच्यासाठी इथे जे कौशल्य जमले, ते शरीरात बसणाऱ्या उपकरणांकडे फारसे वळले नाही. ती संधी दुसरीकडे उघडली.

ती उघडली २००७ मध्ये. बोस्टन सायंटिफिक या कंपनीने आपल्या आधीच्या पिढीतल्या एका पेसमेकरचे संपूर्ण तपशीलपत्र सार्वजनिक केले आणि कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने ते जगभरच्या संशोधकांपुढे आव्हान म्हणून ठेवले. सिद्ध केलेल्या सॉफ्टवेअरचे ‘महाआव्हान’ होर यांनी मांडले होते, त्यातलाच हा एक नमुना ठरला. ‘कंपन्या आपली गुपिते देणार नाहीत, म्हणून हे सगळे कागदावरच राहणार’ असे म्हणणाऱ्यांना या एका कृतीने उत्तर मिळाले. कोणी झेड भाषेत, कोणी व्हीडीएममध्ये, कोणी इव्हेंट-बीमध्ये पेसमेकर लिहून काढला. त्यातून एक गोष्ट हळूहळू स्पष्ट झाली. पेसमेकर आपल्या तपशीलपत्राप्रमाणे वागतो हे सिद्ध झाले, तरी रुग्ण सुरक्षित आहे असे होत नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या झिहाओ ज्यांग, मिरोस्लाव पायिच, सालार मोआरेफ, राजीव अलूर आणि राहुल मंगरम यांच्या २०१२ मधल्या निबंधाने हाच प्रश्न हाती घेतला. त्यांनी पेसमेकरच्या घड्याळांशेजारी हृदयाचीही घड्याळे मांडली आणि दोघांना जोडून तपासले. त्यांनी तपासलेला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. समजा, खालच्या कप्प्यात दिलेला ठोका उलट दिशेने वर चढतो आणि ३०० मिलिसेकंदांनी वरच्या कप्प्यात पोचतो. पेसमेकरचा वरचा कान ठोक्यानंतर २५० मिलिसेकंद बंद असतो, म्हणजे तोवर तो उघडलेला आहे. त्याला वाटते, हृदयाने वर नवा ठोका दिला. नियमाप्रमाणे तो आणखी १५० मिलिसेकंद थांबतो. ४५० होतात. पण मिनिटाला १२० ही वरची मर्यादा म्हणजे किमान ५०० मिलिसेकंदांचे अंतर, म्हणून तो ५००व्या मिलिसेकंदाला खाली ठोका देतो. तो ठोका पुन्हा उलटा वर चढतो आणि चक्र सुरू राहते. माणूस ओसरीवर शांत बसलेला आणि हृदय मिनिटाला १२०ने पळणारे. डॉक्टर याला पेसमेकरमुळे होणारी जलद धडधड म्हणून ओळखतात. इथे पेसमेकरने एकही नियम मोडलेला नाही. ‘१२० ओलांडू नये’ ही अट तंतोतंत पाळली गेली आहे. चूक यंत्रात नाही, हृदयात नाही, ती दोघांच्या जोडणीत आहे. उलट्या वाटेचे हृदय गणिती प्रतिमानात घातल्यावरच ती दिसते आणि ठोक्यांची ही साखळी ओळखून वरचा कान जास्त वेळ बंद ठेवण्याचा उपाय खरेच साखळी तोडतो का, हेही मग तपासता येते. याच गटाने पुढे तपासलेल्या प्रतिमानातून थेट चालणारा प्रोग्राम उतरवण्याची रीतही दाखवली.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हृदय काही चार-सहा घड्याळांचे यंत्र नव्हे. आक्षेप खरा आहे. पण प्रत्यक्ष चाचणीतसुद्धा हृदयाचे कुठले ना कुठले चित्र मनात धरलेलेच असते, फक्त ते कोणी लिहून ठेवत नाही. लिहिलेले गृहीतक चुकीचे निघाले तर दुसऱ्याला ते दाखवता येते, सुधारता येते. न लिहिलेले गृहीतक अपघातानंतरच कळते. दुसरा आक्षेप खर्चाचा. पॅरिसची चौदा नंबरची मेट्रो १९९८ पासून चालकाविना धावते आणि तिच्या सुरक्षेचे सॉफ्टवेअर ‘बी’ या गणिती पद्धतीने सिद्ध केलेले आहे. जो खर्च रेल्वेला झेपतो, तो लाखो छातींत जाणाऱ्या प्रोग्रामला झेपणार नाही असे म्हणणे कठीण आहे. तिसरा आक्षेप अनुभवाचा : पेसमेकरला साठहून अधिक वर्षे झाली, आता काय उरले आहे? जानेवारी २०१९ मध्ये मेडट्रॉनिकने जगभरातल्या दीड लाखांहून अधिक दोन कप्प्यांच्या पेसमेकरबद्दल सूचना काढली. वरच्या कप्प्यातला ठोका नोंदवला जात असताना काही घटनांचा एक विशिष्ट मेळ जुळला, तर सर्किटमध्ये दोष उद्भवून ठोके देणे थांबू शकत होते. ‘विशिष्ट मेळ’ हे शब्द थेरॅकच्या आठ सेकंदांचीच आठवण देतात. तिथे गणिताने तो दोष पकडलाच असता असा दावा करणे बरोबर नाही, कारण दोष सर्किटच्या पातळीवरचा होता. पण दुर्मीळ मेळ हे अनुभवाचे नव्हे तर सर्व शक्यता मोजणाऱ्या तपासणीचे क्षेत्र आहे, एवढे त्यातून नक्की दिसते.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र फॉर्मल मेथड्सच्या बाजूनेच येतो : हृदय घातले, आता प्रतिमान पूर्ण झाले. जुन्नरच्या शिवारात हे म्हणणे टिकत नाही. बिबट्या आणि रानडुकरांच्या या पट्ट्यात शेताभोवती सौर कुंपण आणि ‘झटका मशीन’ लावतात. ते तारेत सतत वीज सोडत नाही. साधारण सेकंदा-सव्वा सेकंदाला एक छोटा झटका सोडते, म्हणजे जवळजवळ हृदयाच्याच गतीने. सतत येणारा विजेचा गोंगाट ओळखून ठरावीक गतीने ठोके देत राहण्याची सोय पेसमेकरमध्ये असते. पण सेकंदाला एकदा येणारा टोला गोंगाटासारखा दिसत नाही, ठोक्यासारखा दिसू शकतो. समजा, एकाच कप्प्याचा पेसमेकर मिनिटाला ६० वर लावला आहे, म्हणजे १००० मिलिसेकंद वाट पाहायची आणि ठोका दिल्यावर ३०० मिलिसेकंद कान बंद. तारेला हात लागला आणि दर १२०० मिलिसेकंदांना येणाऱ्या टोल्यांतला पहिला टोला ठोका म्हणून ऐकला गेला. पेसमेकर १००० ला ठोका देतो. १२०० चा टोला बंद कानावर पडतो. २००० ला पुन्हा ठोका. २४०० चा टोला मात्र ऐकू जातो, घड्याळ शून्यावर येते आणि पुढचा खरा ठोका ३४०० ला पडतो. एका सेकंदाचे अंतर १४०० मिलिसेकंद झाले. टोल्यांतले अंतर सेकंदाहून किंचित कमी असेल, तर पेसमेकर ठोका देतच नाही. आणि ‘दोन घटनांत १००० मिलिसेकंदांहून जास्त अंतर नको’ ही सिद्ध झालेली अट यातल्या प्रत्येक वेळी पाळली गेलेली आहे, कारण तिच्या हिशोबात ऐकलेला टोला म्हणजे हृदयाचा ठोका. अट पूर्ण, हृदय थांबलेले.

हा धोक्याचा इशारा नाही. तारेला लागलेला हात माणूस क्षणात काढतो, आणि पेसमेकर असलेल्याने अशा कुंपणापासून, वेल्डिंगपासून अंतर राखावे हे सांगितले जातेच. मुद्दा गृहीतकाचा आहे. ‘ऐकू आलेला प्रत्येक ठोका हृदयाचाच’ हे वाक्य रुग्णालयाच्या खोलीत बसून सहज लिहिता येते, बेल्ह्याच्या किंवा ओतूरच्या बांधावर उभे राहून लिहिता येत नाही. दवाखान्यापर्यंतच्या अंतराचेही तसेच. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत ४ लाख ६५ हजार पेसमेकरना सुरक्षेसाठी नवा प्रोग्राम घालण्याची सूचना निघाली. काम तीन मिनिटांचे, पण त्यासाठी रुग्णाने दवाखान्यात प्रत्यक्ष यायला हवे आणि त्या तीन मिनिटांत पेसमेकर मिनिटाला ६७च्या साध्या गतीवर चालतो. ‘दोष सापडला तर नंतर बदलू’ हे धोरण भीमाशंकरच्या डोंगरातल्या रुग्णाला पुण्याच्या फेऱ्या मारायला लावते. ज्याला नंतरची दुरुस्ती महाग पडते, त्यालाच आधीच्या सिद्धतेचा फायदा सर्वांत जास्त. गणित ही श्रीमंत देशांची चैन आहे, गरिबांना फक्त स्वस्त यंत्र हवे, हा समज म्हणूनच उलटा आहे.

आपल्याकडे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत पेसमेकर सर्वांत जास्त जोखमीच्या ‘ड’ वर्गात आहे. सॉफ्टवेअर कोणत्या पायऱ्यांनी बनवावे, हे आंतरराष्ट्रीय मानके सांगतात, पण गणिती सिद्धतेची सक्ती करत नाहीत. उद्याच सक्ती करा असे म्हणण्यात अर्थ नाही. सक्तीने कागद वाढतील, गृहीतके मात्र जुनीच राहतील. पहिले पाऊल त्याहून छोटे आणि जास्त उपयोगाचे आहे. उपकरणाची तपासणी कोणत्या हृदयाला, कोणत्या विजेच्या वातावरणाला, किती दिवसांनी होणाऱ्या भेटीला धरून केली, याची यादी परवान्याच्या कागदपत्रांत आणि डॉक्टरांच्या हातात उघडपणे असावी. ती यादी वाचून इथल्या गरजेची घड्याळे प्रतिमानात घालण्याइतके कौशल्य पुण्यात आणि पवईत वीस वर्षांपूर्वीच जमले आहे. टाइम्ड ऑटोमेटाने काळाचे अनंत क्षण मोजक्या गटांत बसवले, पण कोणते क्षण मोजायचे हे त्या गणिताने कधीच ठरवले नाही. ते ठरवणाऱ्यांत मंचरच्या डॉक्टरचा आणि झटका मशीन लावणाऱ्या शेतकऱ्याचा शब्द असेल, तरच ती सिद्धता जुन्नर-आंबेगावच्या रुग्णाला लागू पडेल.